फिल्म स्कूलनंतर एडिटिंगची कामं: प्लॅटफॉर्म की ओळखी?

फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेल्या एडिटरची पहिल्या वर्षात खरी ओढाताण होते ती दोन वाटांमध्ये. अपवर्क, फायव्हर अशा फ्रीलान्स कामाच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर प्रोफाइल उघडून अनोळखी माणसांची कामं घ्यायची, ही एक. बॅचमेट, सिनियर, त्यांचे साउंडवाले आणि कलरिस्ट (चित्राचे रंग ठरवणारे) यांच्यामार्फत येईल ते उचलायचं, ही दुसरी. मी दोन्हीकडे काम केलंय, काही काळ तर एकदमच. सॉफ्टवेअर कुठलं, मशीन केवढं, शोरील किती लांबीचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

प्लॅटफॉर्मची बाजू आधी मांडतो, कारण आपल्या मंडळींत त्याचं नाव काढलं की उगाच नाकं मुरडली जातात. पैशांच्या बाबतीत ती वाट ओळखींपेक्षा सरळ आहे. अपवर्कवर ठरावीक रकमेचं काम असेल तर क्लायंटला पैसे आधी जमा करावे लागतात, आणि काम सोपवल्यावर तो १४ दिवस गप्पच बसला तर रक्कम आपोआप तुमच्याकडे येते. फायव्हरवर डिलिव्हरीनंतर ३ दिवसांत उत्तर आलं नाही की ऑर्डर पूर्ण धरली जाते; पैसे हातात पडायला नव्या माणसाला आणखी १४ दिवस थांबावं लागतं. याची किंमत म्हणून फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं. अपवर्कवर २०२३ पासून सरसकट १० टक्के होते, २०२५ पासून नव्या करारांना कामानुसार ० ते १५ टक्के लागतात. शिवाय अपवर्कवर अर्ज करायलाही कनेक्ट्स, म्हणजे विकत घ्यायचे टोकन, खर्च होतात. हे सगळं खुपतं, पण याच्या बदल्यात ‘पैशांचं नंतर बघू’ हे वाक्य ऐकावं लागत नाही. ओळखीच्या कामात ते हमखास ऐकू येतं, आणि तेही अशा माणसाकडून, ज्याला तुम्ही उलट काही बोलू शकत नाही.

कामाचा प्रकार मात्र वेगळा. प्लॅटफॉर्मवर पॉडकास्ट, उभे रील, कोर्सचे व्हिडिओ, यूट्यूबवर कॅमेऱ्याकडे बघून बोलणारी माणसं आणि छोट्या जाहिराती जास्त. पाच टेकमधून नटाचा योग्य श्वास कुठला हे ओळखण्यात तुमची वर्षं गेली असतील, तर ते तिथे क्वचितच कामी येतं. याला मी कमी लेखत नाही. पहिल्या तीन सेकंदांत माणूस टिकला पाहिजे, हा धाक हाताला चांगलं वळण लावतो, आणि माझ्या फिक्शनच्या कटमधली चरबी त्यानेच उतरली असं मला वाटतं.

इथवर तराजू बऱ्यापैकी समतोल आहे. माझ्यासाठी तो कलंडला तो मटेरियलमुळे, म्हणजे एडिटला येणाऱ्या कच्च्या फुटेजमुळे.

नव्या क्लायंटची ड्राइव्हची लिंक उघडली की आत काय असेल याचा नेम नसतो. दोन कॅमेरे असतात, एक सेकंदाला २५ फ्रेमवर आणि दुसरा २९.९७ वर. एखादी क्लिप व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत, दाबून चपटी होऊन आलेली. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, पण चित्र-आवाज जुळवायला लागणारी टाळी कुणीच वाजवलेली नाही. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘हाच घ्या’. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे फोनवरचं शूटिंग. फोन बहुतेक वेळा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. टाइमलाइनवर पहिली दोन-चार मिनिटं सगळं गुण्यागोविंदाने चालतं, मग ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांना सोडायला लागतात. सुरुवातीला जुळवलं की शेवटी सुटतं, शेवटी जुळवलं की मध्ये सुटतं. उपाय अवघड नाही: हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर अशा फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळं स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्यायचं, मग वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) सिंक करायचं, म्हणजे चित्र-आवाज जुळवायचे, प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) काढायच्या, बिन (क्लिपांचे फोल्डर) लावायच्या. पण यात दिवस जातो, आणि तोवर एकही कट झालेला नसतो.

एका क्लायंटने तासाभराची मुलाखत अशीच दोन फोनवर शूट करून पाठवली होती. माणूस भला होता, बोलायला गोड. रक्कम ठरली तेव्हा त्याने ‘दोन कॅमेरे, साधी मुलाखत’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्याच्या परीने ते खरंच होतं. एडिट साधंच झालं. त्याआधीची साफसफाई एडिटपेक्षा जास्त वेळ खाऊन गेली आणि तिचे पैसे मागायला ठरलेल्या कामात कुठे जागाच नव्हती. काम संपल्यावर पुढच्या वेळी फोनमध्ये काय सेटिंग ठेवायचं, टाळी कशी द्यायची, हे सगळं मी त्याला नीट लिहून पाठवलं. त्याने पाच तारे दिले, आभार मानले, आणि पुढची वेळ आलीच नाही. त्याला एकच व्हिडिओ हवा होता. त्यानंतर आलेल्या क्लायंटकडे पुन्हा तेच फोन, तीच नावं, तीच न वाजवलेली टाळी.

हा प्लॅटफॉर्मचा दोष म्हणता येणार नाही. अनोळखी माणसाबरोबरच्या पहिल्या कामात असा एक दिवस जायचाच. फक्त तिथे बहुतेक कामं पहिलीच असतात, त्यामुळे तो दिवस दर वेळी नव्याने भरावा लागतो आणि त्याचं बिल कुणाच्याच नावावर फाडता येत नाही.

ओळखीच्या कामात मटेरियल स्वच्छ येतं असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. डिप्लोमा फिल्म किंवा मित्राची शॉर्ट फिल्म म्हणजे कधी कधी त्याहून वाईट. साउंड रिपोर्ट हरवलेला, स्लेटवर (क्लॅपबोर्डवर) चुकीचा टेक नंबर, आणि एक कार्ड कुणाच्या तरी बॅगेत राहिलेलं. फरक दुसऱ्या कामात पडतो. त्याच दिग्दर्शकाबरोबर, त्याच कॅमेरामनबरोबर पुन्हा बसलात की फोल्डर तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने लागलेले येतात. मला आठवतं, एका कॅमेरा असिस्टंटने शूटच्या आदल्या संध्याकाळी फोन करून विचारलं होतं, ‘फ्रेम रेट कितीवर ठेवू, आणि ऑडिओ ४८ किलोहर्ट्झला ना?’ अर्ध्या मिनिटाच्या त्या फोनने माझा एक अख्खा दिवस वाचवला. असा फोन अनोळखी माणसाकडून मला आजवर आलेला नाही.

असिस्टंट एडिटर म्हणून राहिलात तर ही गोष्ट आणखी मजेशीर होते. सिंक, लॉगिंग (शॉटच्या नोंदी), प्रॉक्सी, बिन ही जी साफसफाई प्लॅटफॉर्मवर फुकटात जाते, तेच तिथे तुमचं काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात. नाव छोट्या अक्षरात येतं, कट दुसऱ्याचा असतो, हे खरं. पण चांगल्या एडिटरच्या मागे बसून तो कुठला शॉट फेकतो ते पाहणं हा वरचा पगार समजा.

ओळखी आणायच्या कुठून, हा प्रश्न एडिटरला कॅमेरामनपेक्षा जास्त छळतो. तो सेटवर जातो, तिथे पन्नास माणसं भेटतात. आपण अंधाऱ्या खोलीत. म्हणून आपल्या शिफारशी दिग्दर्शकाइतक्याच आपल्यानंतरच्या माणसांकडून येतात, म्हणजे साउंड डिझायनर आणि कलरिस्टकडून. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे कट पक्का झाल्यावर, तुम्ही त्यांना जे सोपवता, त्यावरून ते तुमची परीक्षा करतात: एएएफमध्ये (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याच्या फाइलमध्ये) पुरेसे हँडल्स, म्हणजे कटच्या पुढे-मागे जास्तीचा आवाज, आहेत का, संवाद आणि इफेक्ट्स वेगळ्या ट्रॅकवर आहेत का, रेफरन्स व्हिडिओवर टाइमकोड छापलाय का, सुरुवातीला टू-पॉप, म्हणजे चित्राच्या दोन सेकंद आधीची जुळवणीची ‘बीप’, आहे का. मला मिळालेलं सगळ्यात टिकाऊ काम एका साउंड डिझायनरने नाव सुचवल्यामुळे आलं. त्याला माझा कट आवडला होता की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही. ‘याची एएएफ पहिल्या फटक्यात उघडते’, एवढं मात्र तो पुढे बोलला होता.

अर्थात या वाटेवर खाचखळगे आहेत. महिनेच्या महिने फोन वाजत नाही. नाही म्हणता येत नाही. करेक्शनला अंत नसतो, कारण मित्र शेजारी येऊन बसतो आणि ‘एकदाच बघू’ म्हणत रात्र काढतो. किती फेऱ्या आणि किती पैसे आगाऊ, हे मेलवर लिहून घ्या. जवळचा मित्र असला तर आधी घ्या. आणि ज्याच्या बॅचचे लोक विखुरले, ज्याला सिनियरच नव्हते, जो मुळात चारचौघांत बुजतो, त्याला ‘ओळखी वाढव’ असं सांगणं म्हणजे सल्ला नाही, टोमणा आहे. त्याच्यासाठी प्लॅटफॉर्म हेच खरं दार आहे.

प्लॅटफॉर्मवरही माझी तक्रार ज्याला लागू पडत नाही असा एक क्लायंट असतो: दर आठवड्याला एक व्हिडिओ काढणारा चॅनेलवाला. तो लागला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मटेरियल सुधारतं, आणि माझा निम्मा मुद्दा गळून पडतो. त्यामुळे शोधायचंच असेल तर असा शोधा. अपवर्कवर तासावर काम घेतलं तर साफसफाईचा वेळही मोजला जातो, पण ट्रॅकर दर दहा मिनिटांत एक स्क्रीनशॉट घेतो, आणि सिंकच्या कामाचे तासन्‌तास पाहून क्लायंट ‘अजून एडिट सुरू नाही का?’ असं विचारणारच, ही तयारी ठेवा.

माझं विचाराल तर, पुढच्या महिन्याचं भाडं डोक्यावर असेल तर प्लॅटफॉर्म, निःसंकोच. वर्षभर कशीबशी तग धरता येत असेल तर मी ओळखींच्या बाजूने झुकेन आणि प्रोफाइल कोरड्या महिन्यांसाठी उघडं ठेवेन. मी स्वतः तसंच ठेवलंय. तिथे आता काम घेण्याआधी एकच गोष्ट मागतो: प्रत्येक कॅमेऱ्याची एक-एक मिनिटाची मूळ क्लिप, व्हॉट्सॲपवरून नाही, ड्राइव्हवर. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ‘फ्रेम रेट मोड’च्या ओळीत ‘व्हेरिएबल’ दिसतं की ‘कॉन्स्टंट’, ते कळतं. रक्कम त्यानंतर सांगतो.