रक्तप्रवाहाचं गणित: न्यूटनीय मॉडेल की कॅसन?

महाधमनीतल्या प्रवाहाचं गणित सोडवायचं असेल तर सरळ न्यूटनीय मॉडेल घ्या, म्हणजे श्यानता (द्रवाचा दाटपणा) कायम धरणारं. शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती झपाट्याने सरकतात त्याचं माप) सेकंदाला 100 च्या वर गेला की रक्ताची श्यानता साधारण 3.5 मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास स्थिरावते. तिथे श्यानता बदलती धरणारं कॅसन मॉडेल वापरलं तर बहुतेकदा संगणकाचा वेळच वाया जातो.

खरी गंमत प्रवाह मंदावतो तिथे. तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, श्यानता कित्येक पटींनी वाढते आणि थोडा तरी ताण दिल्याशिवाय रक्त हलायला तयार होत नाही. हा किमान ताण कॅसनच्या समीकरणातच असतो. न्यूटनीय मॉडेलला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून अ‍ॅन्युरिझममधल्या (रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्यातल्या) संथ भोवऱ्यांसाठी माझं मत कॅसनलाच.

केशवाहिन्यांत मात्र दोन्ही लंगडी. जेमतेम पेशीएवढ्याच रुंद नळीत सलग द्रव मानायचा तरी कसा?