कोटावर गुलाब की पिन?

भाच्याच्या रिसेप्शनचा सूट शिवून आला आणि घरात वाद पेटला: डाव्या कॉलरवर खरं फूल की पिन?

खर्चात फूल जिंकतं. पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारात सकाळी गेलात तर टपोरा गुलाब जवळजवळ चहाच्या पैशांत. पिन महाग, पण पुन्हा वापरता येते. टिकण्याचं म्हणाल, तर स्टेजवरचे दिवे आणि शेकडो गळाभेटी यांत गुलाब मान टाकतो; कार्नेशन जास्त तग धरतं. पिन कापडाला भोक पाडते. चुंबकाची पाडत नाही, पण पेसमेकर असलेल्या आजोबांना ती लावू नका.

खरी गंमत अर्थामध्ये आहे. गुलाब म्हटलं की नेहरूंची अचकन आठवते, बाकी तो नुसताच आनंदी. पिन मात्र बोलते: झेंडा, संस्था, पद. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात लावतात ती लाल पॉपी फुलाची पिन १९२१ पासून युद्धातल्या मृतांची आठवण आहे; छान दिसते म्हणून लग्नात नको.

नवरदेवाला एका संध्याकाळपुरतं फूलच शोभतं. लग्नसराईभर तोच कोट फिरवणाऱ्या माझ्यासारख्या मामांनी साधी पिन घ्यावी. दोन्ही एकदम लावलंत तर बँडवाले दिसाल.