कोर्टनाक्यावरचे नोटरी वकील, 4 स्टार, एक स्टार वेळेचा कापला

दादा मराठा लाइट इन्फंट्रीत, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर कळव्याला आलेला. वहिनीच्या नावाचं स्पेलिंग आधारवर डबल ई आणि युनिटच्या रेकॉर्डला आय, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या घरच्यांच्या वगैरे नोंदी करणारा युनिटचा आदेश) दुरुस्त करायला ॲफिडेव्हिट पाहिजे होतं म्हणून ठाण्याला कोर्टनाक्यावर गेलो. पहिल्या टेबलवाला म्हणे भाऊ नाही आला तरी चालेल, आधार व्हॉट्सॲप करा, शिक्का मारून ठेवतो. अहो, शपथ काय व्हॉट्सॲपवर घेतात का! तिथून निघालो.

त्याच ओळीत पुढे एक वयस्कर वकील बसतात, त्यांनी आधी विचारलं कागद कुठे द्यायचाय आणि दादा आत्ता ड्युटीवर आहे की सुट्टीवर. दादा बोलला, आमच्याकडे सगळे म्हणतात सीओ साहेबांची, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची सही असली की झालं. तर त्यांनी 1969 च्या ओथ्स ॲक्टचं कलम 3 काढून दाखवलं. आर्मी, नेव्ही, एअरफोर्सच्या स्टेशनच्या किंवा जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरला शपथ द्यायचा अधिकार आहेच, पण स्टेशनच्या हद्दीत. कळव्याच्या हॉलमध्ये बसून फोनवर नाही. नोटरीला तो अधिकार वेगळ्या कायद्याने, 1952 च्या नोटरी ॲक्टने. आणि बेळगावला ट्रेनिंग संपल्यावरच्या कसम परेडला दादाने जी शपथ घेतली ती तर आर्मी ॲक्टच्या कलम 17 खालची, तिचा ॲफिडेव्हिटशी काही संबंध नाही. दादा इतकी वर्षं नोकरीत, त्यालाही हे तिन्ही वेगळं आहे हे तिथे खुर्चीत बसून कळलं, मी तर नुसता ऐकत होतो 😄

मग मजकूर वाचून दाखवला, ओरिजिनल आयडी बघितला, दादाला समोर सही करायला लावली, रजिस्टरमध्ये नोंद करून तिथेही सही घेतली. स्टॅम्पपेपर 500 चा, 2024 च्या ऑक्टोबरआधी 100 मध्ये भागायचं, पण त्यात त्यांचा काय दोष. फी आधीच सांगितली, शेवटी वाढवली नाही.

वेळ मात्र! वीस मिनिटं म्हणाले आणि दीड तास गेला, टायपिस्ट जेवायला गेलेला, झेरॉक्स मशीन बंद, बसायला दोनच खुर्च्या. दुपारी एक ते अडीच जाऊच नका. दादाने युनिटला फोन करून विचारलं तर क्लार्क म्हणाला नोटरीवालं चालेल, ओरिजिनल घेऊन या.