लाकडाचा लेथ 8 महिने वापरल्यानंतर: वेग कसा ठरवावा

नाशिकमध्ये सिडकोतील घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी 12 इंच व्यासापर्यंतचे लाकूड बसणारा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीने कातायचे यंत्र, 8 महिने वापरत आहे. यंत्र दणकट आहे आणि 1 अश्वशक्तीची मोटर घरगुती कातकामाला पुरते. मोटरचा पट्टा पुलीच्या (पट्ट्याच्या चाकाच्या) ज्या पायरीवर बसवावा, तसा फिरण्याचा वेग बदलतो; परंतु माहितीपुस्तिकेत या 5 पायऱ्यांच्या वेगाचे आकडे तेवढे छापले आहेत. कोणत्या कामाला कोणती पायरी, हे कुठेही लिहिलेले नाही.

अंबडला लोखंडाच्या लेथवर काम करणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी पहिल्याच आठवड्यात कडेचा वेग मोजायला शिकवले. मिनिटाला 1000 फेरे ठेवले, तर दीड इंची लाटण्याची कड ताशी सुमारे 7 किलोमीटर वेगाने फिरते आणि 9 इंची पोळपाटाची 43 किलोमीटरने. इंचातील व्यास आणि फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावा, असा लाकूडकामातला रूढ आडाखा आहे; त्यानुसार पोळपाटाला 670 ते 1000 फेरे येतात आणि माझाही अनुभव तोच आहे. लाटण्याला मात्र हा आडाखा 4000 च्या पुढे नेतो, तो मी पाळत नाही, कारण लांब, बारीक लाकूड मधोमध लवते, थरथरते आणि अंगावर मळसूत्रासारखे वळ उमटतात. 1500 ते 2000 वर सागवानाची साल काढल्यासारखी लांब ढलपी निघते.

हा आडाखा गोल झालेल्या लाकडासाठीच आहे. ऑगस्टमध्ये आंब्याचा ओलसर, ओबडधोबड 8 इंची ठोकळा चढवला, तेव्हा पट्टा आदल्या दिवशीच्या लाटण्याच्या पायरीवरच राहिला होता. बटण दाबताच बाक सरकला आणि ठोकळा चकमधून (लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून) निसटून भिंतीवर आदळला. मी बाजूला उभा होतो आणि तोंडावर संरक्षक काच होती. आता पट्टा डोळ्यांनी पाहून, टेलस्टॉकचा (लाकडाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाचा) टेकू लावून आणि लाकूड हाताने एक फेरा फिरवूनच मी बटण दाबतो.

माझी खरी तक्रार एवढीच, की या यंत्राचा किमान वेग 500 आहे आणि ओबडधोबड ठोकळ्याला तोही जास्त पडतो. त्यामुळे कोपरे आधी करवतीने काढावे लागतात. मोठी भांडी कातायची असतील, तर थोडे पैसे अधिक घालून वेग सलग कमी-जास्त करता येणारा लेथ घ्यावा. पॉलिश पेपर मारतानाही वेग निम्म्यावर आणावा लागतो, नाहीतर लाकूड तापून त्याला बारीक चिरा पडतात; पट्टा बदलण्याचा कंटाळा केल्याने माझे 2 वाडगे असेच वाया गेले.