मातीवर स्क्रीन प्रिंटिंग: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून झालेलं मत

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला माझा छोटा स्टुडिओ आहे, कप आणि प्लेटा बनवते. येवल्याच्या पैठणीतली मुनिया, आसावलीची वेल, नारळी काठ हे भांड्यांवर आणायचं खूप दिवस डोक्यात होतं, पण ब्रशने तीच मुनिया परत परत काढत गेलं की सेटमधल्या सहा कपांवर सहा वेगळे पक्षी बसतात. म्हणून दिवाळीला फ्रेम, जाळी, फोटो इमल्शन (जाळीवर डिझाइन उमटवायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप) आणि स्क्वीजी (रंग जाळीतून दाबून उतरवायची रबरी पट्टी) घेतली. आता पावसाळाही पाहून झाला, त्यामुळे लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाळीचा नंबर, बाकी सगळं नंतर. पत्रिका-व्हिजिटिंग कार्डवाल्यांकडे 120 टी सहज मिळते, शाईसाठी ती मस्तच, पण अंडरग्लेझमधे, म्हणजे ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या) खाली लावायच्या रंगात, कण असतात ते तिच्यात अडकतात आणि दोन-तीन प्रिंटनंतर जाळी बंद. मातीच्या कामाला 43 टी मागा, म्हणजे सेंटीमीटरला 43 धागे, इंचाला साधारण 110. अगदी केसासारखी रेघ यात येत नाही हे खरंय, पण मुनियाचा डोळा, चोच, पंखावरचे ठिपके सगळं स्वच्छ उतरतं आणि कडा जरा मऊ येते ती मला तर विणकामाच्या जास्त जवळची वाटते.

अंडरग्लेझ बाटलीतून काढून तसंच छापू नका, पातळ असतं, स्क्रीनखाली पसरतं. मी ते आधी उघडं ठेवून दह्यासारखं घट्ट होऊ देते, मग थोडंसं सीएमसी (डिंकासारखा घट्टपणा देणारी पूड) आणि थोडं ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे ते जाळीत वाळत नाही, नाशिकच्या एप्रिलमधे तर हे पाहिजेच. दोन्ही भट्टीत जळून जातात, रंगाला काही होत नाही.

आता कप गोल आणि स्क्रीन सपाट, हे कसं जमवायचं? दोन रस्ते आहेत. एक, लाटलेल्या स्लॅबवरच छापायचं आणि मग गुंडाळून कप करायचा, पण जोडावर वेल तुटते आणि वळवताना डिझाइन थोडं ताणलं जातं. दुसरा मला फार आवडलेला, टिश्यू ट्रान्सफर. पातळ कागदावर छापा, ओलसरपणा जरा उडू द्या, लेदरहार्ड, म्हणजे अर्धवट वाळलेल्या, कपावर उलटा लावा, मागून ओल्या स्पंजने दाबा, रबर रिबने (मऊ रबरी चकतीने) घासा आणि सावकाश सोला. कागदावरून भांड्यावर ही युक्ती जुनीच आहे, लिव्हरपूलला सॅडलर आणि ग्रीन या दोघांनी 1756 मधे अशाच कागदाने सहा तासांत 1200 च्या वर टाइल्स छापल्या होत्या. उलटं लागतं म्हणून अक्षरं असतील तर कागदावर आरशातल्यासारखी छापायची. आणि माती आकसते हे धरूनच डिझाइन काढा, माझी माती 12 टक्के आकसते, म्हणजे 10 सेंटीमीटरचा काठ शेवटी 8.8 चा राहतो.

रंगांचं सांगायचं तर कोबाल्टचा निळा आणि काळा बिनधास्त वापरा. पैठणीचा हिरवा मात्र सांभाळून, क्रोमचा हिरवा असेल आणि वरच्या ट्रान्सपरंट ग्लेझमधे झिंक असेल तर तो तपकिरी होतो. झिंक नसलेलं ग्लेझ घेतलं की हिरवा हिरवाच राहतो, मी आता तेच वापरते आणि वरून पातळ थर देते, जाड दिलं की खालची रेघ धुरकट दिसते.

जुलै-ऑगस्टमधे इमल्शनने फार त्रास दिला. वरून वाळलेलं दिसतं, आत दमट असतं, एक्स्पोज करून (वर डिझाइन ठेवून उजेड देऊन) धुतलं की डिझाइनच्या आजूबाजूचंही निघून जातं. बंद अंधाऱ्या खोलीत पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून रात्रभर ठेवलं की नीट होतं. उन्हावर एक्स्पोज करणाऱ्यांनी पावसाळ्याची सगळी डिझाइन्स मे महिन्यातच स्क्रीनवर करून ठेवावीत, तयार स्क्रीन खराब होत नाही.

ऑनलाइन मागवलेली तयार डिकल्सही (भांड्यावर चिकटवायची छापील चित्रं) लावून पाहिली. पाण्यात भिजवून ग्लेझवर सरकवायची आणि 800 डिग्रीच्या आसपास परत भट्टी, रेघ अप्रतिम बारीक. पण एका लॉटमधे शिसं-कॅडमियमबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं आणि विचारल्यावर विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही. असा रंग ग्लेझच्या वर बसतो, लिंबू-लोणच्याचा आंबटपणा थेट त्याला लागतो. ती डिकल्स मी फक्त शोभेच्या टाइल्सवर वापरली, जेवणाच्या प्लेटवर माझ्याकडे ग्लेझच्या खालचाच प्रिंट असतो.