ल्युलिकोनॅझोल क्रीम सगळा पावसाळा वापरून: औषध चांगलं, 10 ग्रॅमची ट्यूब अपुरी

ल्युलिकोनॅझोल 1 टक्का कशासाठी असतं हे वेगळं सांगायला नको. जांघेत किंवा कमरेला गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे होणारा कातडीचा आजार, झाला की हल्ली बहुतेक डॉक्टर हेच लिहून देतात, आणि दिवसातून एकदाच लावायचं म्हणून लोकांनाही ते आवडतं. एवढं लिहायला भाग पाडलं ते औषधाच्या दुकानांनी. 30 ग्रॅमची ट्यूब मागितली की “ती नाही, 10ची घ्या” हे ठरलेलं उत्तर. नको म्हटलं तर स्टेरॉइड, म्हणजे खाज-लाली दाबणारं औषध, घातलेलं मिश्र क्रीम पुढे येतं आणि वर आश्वासन, दोन दिवसांत खाज बंद. या दोन्ही गोष्टींमुळे बरा होणारा आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो.

आधी ट्यूबचा हिशेब, कारण खरी अडचण तिथेच आहे.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत क्रीमची सलग रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. त्वचेचे डॉक्टर याला फिंगरटिप युनिट म्हणतात. एवढं क्रीम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटांसकट धरलेल्या तळहातांएवढ्या. आता गजकर्ण मोजताना फक्त लाल कडा मोजून भागत नाही. बुरशी कडेच्या बाहेर, वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीत पसरत असते, म्हणून सगळ्या बाजूंनी एक इंच जास्त लावायचं. 5 सेंटिमीटर व्यासाचा चट्टा असेल तर लावायचं वर्तुळ 10 सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जागा चौपट. लोक नेमकं हेच सोडतात, चट्ट्यावर ठिपका देऊन मोकळे होतात, आणि आठवड्याने बाहेरून नवं कडं उमटतं.

एकच लहान चट्टा असेल तर 10 ग्रॅम भरपूर झाले. पण आपल्याकडचं गजकर्ण एका चट्ट्यावर थांबत नाही. दोन्ही जांघा आणि मांड्यांची आतली बाजू धरली तर चार तळहात सहज होतात. नाडीच्या किंवा पट्ट्याच्या जागी कमरेभोवती तीन सेंटिमीटरचा पट्टा असेल, तर इंचाच्या नियमाने तो आठ सेंटिमीटर रुंद होतो. 85 सेंटिमीटर कमरेला ते आणखी चार तळहात. एकूण आठ तळहात, म्हणजे रोज दोन ग्रॅम. 10 ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते आणि महिन्याला 60 ग्रॅम लागतात. ज्याच्या हातात एकच छोटी ट्यूब आहे तो ती महिनाभर पुरवतो, म्हणजे लागतं त्याच्या सहाव्या हिश्शावर काम भागवतो. त्यातून बुरशी मरत नाही, दबते.

आणखी एक बारीक गोष्ट. पेराचं हे माप 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी आहे. छोट्या ट्यूबचं तोंड पुष्कळदा त्याहून बारीक असतं. 3 मिलिमीटरच्या तोंडातून तेवढीच लांब रेघ काढली तर जेमतेम 0.18 ग्रॅम क्रीम येतं. अशा ट्यूबने एका पेराऐवजी जवळपास तीन पेरं काढावी लागतात. खोक्यावर हे छापलेलं दिसलं नाही. छापायला हवं.

किंमत पाहताना ट्यूबची पाहू नका, छापील किमतीला ग्रॅमने भागा. छोट्या ट्यूबचा ग्रॅमचा भाव बहुतेक वेळा मोठीपेक्षा जास्त निघतो. पैशाची ओढ असेल तर जनऔषधी केंद्रातलं साधं क्लोट्रिमॅझोल 1 टक्का हाही प्रामाणिक पर्याय आहे. ते दिवसातून दोनदा लावावं लागतं, म्हणून क्रीमचं प्रमाण दुप्पट धरून मगच तुलना करा.

आता औषधाबद्दल. पहिल्या आठवड्यात खाज उतरते. दुसऱ्या-तिसऱ्यात उंच कडा सपाट होते, कोंडा गळतो. मागे राहतो तो तपकिरी डाग. हा डाग म्हणजे आजार नव्हे. तो घालवायला क्रीम लावत राहू नका, तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो. मात्र हात फिरवून खडबडीत लागलं किंवा कडेला बारीक पापुद्रे दिसले, तर डाग कितीही जुना वाटो, उपचार चालूच ठेवायचा. कातडी पूर्ण गुळगुळीत झाल्यावर पुढे आणखी दोन आठवडे.

इथे सुरुवातीचं मत बदलावं लागलं. हे औषध मूळ जपानचं. अमेरिकेत 2013 साली त्याला परवानगी मिळाली तेव्हा जांघेच्या आणि अंगावरच्या गजकर्णासाठी रोज एकदा, एक आठवडा, असं ठरलं. एका आठवड्याचं औषध म्हणून त्याची ख्याती ऐकून सुरुवातीला पाचपैकी पाच द्यावेसे वाटतात. आपल्याकडे ते जमत नाही. भारतात सध्या जी बुरशी पसरली आहे तिला 2020 साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, तेही भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून. ती चिवट आहे. तिच्या अनेक वाणांमध्ये स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला आढळतो, आणि टर्बिनाफिन हे बुरशीवरचं दुसरं औषध नेमकं त्याच एन्झाइमवर काम करतं. म्हणून 250 मिलिग्रॅमची टर्बिनाफिनची गोळी काही वर्षांपूर्वी हमखास लागू पडायची, तिच्यावर आज बरेच रुग्ण सुधारत नाहीत. ल्युलिकोनॅझोलची वाट वेगळी असल्याने ते टिकून आहे, पण आठवड्याच्या जागी पाच-सहा आठवडे मोजावे लागतात. औषधाला चार, ट्यूबला एक.

चट्टे तीन-चार ठिकाणी असतील तर एकटं क्रीम पुरत नाही, डॉक्टर इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या कॅप्सूल देतात. तिथे एक चूक सर्रास होते. सोबत “ॲसिडिटी नको” म्हणून पँटोप्राझोल दिलं जातं किंवा लोक आपणहून घेतात. ही कॅप्सूल शोषली जायला पोटात आम्ल लागतं. आम्ल कमी केलं की महागडं औषध पुष्कळसं तसंच शरीराबाहेर जातं. ती उपाशीपोटी किंवा चहाबिस्किटावर घेऊ नका, भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. हृदय कमजोर असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पायांवर सूज किंवा धाप लागली तर थांबवून लगेच दाखवा.

आता त्या स्टेरॉइडवाल्या मिश्रणाबद्दल. खोक्यावरची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, गजकर्णावर ते लावायचं नाही. खाज दोन दिवसांत थांबते हे खरं, कारण स्टेरॉइड कातडीची झुंज थांबवतं. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. कडं पुसट होतं, चट्टा वेडावाकडा पसरतो, कड्यात कडं उमटतं, आणि मग त्वचेच्या डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. जांघेची कातडी मुळात पातळ. तिथे महिनाभर क्लोबेटासॉल लावल्यावर ज्या रेघा पडतात त्या जन्मभर राहतात. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मागितल्यावर मिळतात. कुणी हे आधीच लावत असेल तर ते थांबवल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढते. नवं क्रीम लागू पडत नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

क्रीम घेण्याआधी मुळात गजकर्णच आहे ना हे पाहा. कडेला उंच, खवलेदार, मध्ये निवळलेलं, खाजणारं कडं असेल तर बहुधा तेच. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुटकुळ्या आहेत, घरातले बाकीचेही खाजवतात, तर ती खरूज. तिला परमेथ्रिन 5 टक्के क्रीम मानेपासून पायापर्यंत, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, आणि आठवड्याने पुन्हा. कोपर-गुडघ्यांवर जाड चंदेरी खवले असतील तर सोरायसिसची शक्यता. पाठीवर, छातीवर फिकट, नखाने खरवडल्यावर भुसा पडणारे ठिपके म्हणजे शिबं. आणि फिकट किंवा लालसर चट्टा असून खाज नाही, स्पर्श कळत नाही, तर क्रीम बाजूला ठेवून सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि त्याने आजार पूर्ण बरा होतो. शंका असेल तर कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी साधी आहे, पण नमुना क्रीम सुरू करण्याआधी द्यायचा.

सॅलिसिलिक ॲसिडची जुनी मलमं जांघेत लावू नका, कातडी भाजते.

वापराबद्दल शेवटचं. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी करून लावा, बाहेरून आत. करगोटा काढून ठेवा. ओला दोरा दिवसभर कमरेला चिकटून राहतो आणि बुरशी तिथेच मुरते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा आतले कपडे उलटे करून शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. घरात कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवा. सगळं नीट करूनही गजकर्ण परत येत असेल तर पायाची नखं पाहा. नख पिवळट, जाड, भुसभुशीत झालं असेल तर बुरशी तिथे दडलेली असू शकते, आणि हे क्रीम नखाच्या आत पोचत नाही. त्यासाठी वेगळं औषध लागतं.