आयर्लंडचा 1928 चा नाणेसंच : पशुवैद्याच्या नजरेतून

प्राण्यांची नाणी जमवायला लागलेल्याने पहिला पूर्ण संच कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : आयरिश फ्री स्टेटने, म्हणजे तेव्हाच्या नव्या आयर्लंडने, 1928 साली काढलेली आठ नाणी. मी पशुवैद्य आहे. नाण्यावर जनावर दिसलं की माझी नजर आधी खुरांकडे जाते, मग पाठीच्या रेषेकडे, मग पुठ्ठ्याकडे. साल, धातू, झीज हे सगळं त्यानंतर. त्यामुळे पुढचं सगळं मत जनावरं हाताळणाऱ्या माणसाचं आहे, हे वाचताना लक्षात ठेवा.

संचात पाव पेनीच्या फार्दिंगवर उडता वुडकॉक पक्षी आहे, अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण, पेनीवर पिल्लांसह कोंबडी, तीन पेन्सवर रानससा, सहा पेन्सवर वुल्फहाउंड कुत्रा, शिलिंगवर वळू, दोन शिलिंगच्या फ्लोरिनवर सॅमन मासा आणि अडीच शिलिंगच्या हाफ क्राउनवर घोडा. दुसऱ्या बाजूला आठही नाण्यांवर एकच हार्प, म्हणजे आयर्लंडचं मानचिन्ह असलेलं तंतुवाद्य. खालची तीन ब्राँझची, मधली दोन निकेलची, वरची तीन 75 टक्के चांदीची. राजाचा चेहरा कुठेच नाही.

ही निवड एका समितीने केली. अध्यक्ष होते कवी आणि सिनेटर डब्ल्यू. बी. येट्स. एका बाजूला हार्प हवा, मजकूर फक्त आयरिश भाषेत हवा आणि आधुनिक काळातली कुणी व्यक्ती नको, एवढ्या चौकटीत त्यांना काम करायचं होतं. देशाच्या शेतीतले आणि रानातले प्राणी घ्यायचं ठरल्यावर त्यांनी निमंत्रित शिल्पकारांकडे नमुने म्हणून प्राचीन ग्रीक वसाहतींच्या नाण्यांची छायाचित्रं पाठवली. त्यात थुरीचा बैल होता, मेसानाचा ससा होता. ही नाणी ज्याने पाहिली आहेत त्याला आयरिश ससा आणि वळू बघताना ओळख पटतेच. शिल्पकारांची नावं समोर न ठेवता परीक्षण झालं आणि आठही प्राणी एकाच माणसाचे निवडले गेले : पर्सी मेटकाफ. तो निघाला इंग्रज, आणि नाणी पाडली लंडनच्या रॉयल मिंटने. नव्या स्वतंत्र देशात यावर टीका झाली. नाण्यांवर एकही ख्रिस्ती चिन्ह नाही, नुसती जनावरं आहेत, हाही आक्षेप होता. मला मात्र आठ नाणी एका हातची असणं हेच या संचाचं बळ वाटतं. कोंबडीचं पीस आणि वळूचा खांदा एकाच नजरेने पाहिलेला आहे, कुठे जास्त नक्षी नाही, कुठे कंटाळा केलेला नाही.

आता जनावरांकडे येते. मला सर्वांत आवडतो तो ससा. हे नाणं जेमतेम साडेसतरा मिलिमीटरचं. एवढ्याशा चकतीवर कान, पाठीची कमान आणि मागच्या पायांची घडी हे तिन्ही वेगवेगळं कळतं, आणि बसलेल्या रानसशात कधीही उडी घ्यायची जी तयारी असते तीही कळते. पाळीव सशाची गोलाई इथे नाही. कोंबडीही खरी आहे. पिल्लं पायाशी असताना कोंबडी उभी राहते ती निराळीच, आणि मेटकाफने ती पाहिलेली आहे. कुत्रा उंच, सडपातळ, पोट वर ओढलेलं. त्या जातीला शोभतो तसा. सॅमनबद्दल मी बोलणार नाही, मासा माझ्या तपासणीत कधी आला नाही. पण फ्लोरिन हातात घेतलं की नजर त्याच्यावर ठरते, हे खरं.

वळू, घोडा आणि डुकरीण यांची गोष्ट वेगळी, आणि माझ्यासारखीला ती फार जवळची. मेटकाफचे पहिले नमुने शेतीखात्याच्या जाणकारांना दाखवले गेले आणि त्यांनी बदल सुचवले. येट्स यांनी नंतर यावर लिहिलं. पहिला वळू अगदी सुंदर होता, पण आदर्श जनावर म्हणून लोकांपुढे ठेवायला तो जाणकारांना चालला नाही. घोड्याचे मागचे पाय शरीराखाली घ्यायला लावले, डोकं खाली आणायला लावलं. डुकरिणीचे गुबगुबीत गाल गेले, कारण तशा गालांच्या डुकराला बाजार नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा आधी खात्याची बाजू घेतली. बेकनसाठी डुक्कर निवडताना लांब अंग आणि हलका गळा बघतात. जड गालांचं डुक्कर देशाच्या नाण्यावर मिरवलं असतं तर पैदास करणाऱ्यांनी नाकं मुरडलीच असती. घोड्याबाबतही सूचना शास्त्राला धरून आहे. मागचे पाय लांब मागे गेलेला घोडा तपासणीला उभा केला तर मीसुद्धा त्याला नीट उभं करायला सांगेन. पण भिंगाखाली ही नाणी पाहत गेले तसं माझं मत बदललं. हाफ क्राउनवरचा घोडा निर्दोष आहे आणि प्रदर्शनात उभा केल्यासारखा आहे. तो कुठे निघाल्यासारखा वाटत नाही. डुकरिणीत तर मला थकवा दिसतो. पिल्लांच्या घोळक्यातल्या आईचा रुबाब तिच्यात नाही. पैदाशीचा तक्ता आणि नाणं यांची कामं वेगळी आहेत. या दोन नाण्यांना मी कमी गुण देते, आणि त्याचा दोष मेटकाफला देत नाही. वळू मात्र बदलूनही जबरदस्त उतरला. मानेचा भार, खांद्यातली ताकद, सगळं जागच्या जागी आहे. जाणकारांनी नाकारलेला पहिला वळू याहून सरस असेल, तर तो केवढा असेल!

नाण्यावरच्या जनावराची ठेवण एवढी महत्त्वाची का, याचा दाखला आपल्याकडेच आहे. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत बारीकसा हत्ती होता. सोंड आखूड, पाय आखूड, त्यामुळे लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि गहजब झाला. नाणी परत घ्यावी लागली, 1912 पासून हत्ती सुधारून घेतला. संग्राहक आजही त्याला डुकराचा रुपयाच म्हणतात. नखाएवढा हत्ती, पण लोक बघतात. जनावर ओळखणाऱ्यांच्या देशात तर फारच बारकाईने बघतात, आणि आयर्लंड तसाच देश होता.

घेणाऱ्यासाठी थोडं कामाचं. 1928 साली संग्राहकांसाठी खास चकचकीत संच निघाले, सुमारे 6,000. ते डबीसह मिळतात, पण डबी मूळची आहे की मागाहून जोडलेली, हे विचारून घ्या, आणि आठही नाण्यांवर साल 1928 आहे ना ते बघा. संचातलं एखादं नाणं बदललेलं असणं अगदीच दुर्मिळ नाही. ब्राँझची तीन नाणी तिरप्या उजेडात धरून पाहा. एका दिशेने बारीक ओरखडे दिसले तर कुणीतरी ती घासली आहेत. अशा नाण्यावर कोंबडीची पिसं सपाट झालेली असतात आणि ती परत येत नाहीत. स्वतः तर काहीही पुसू नका. नाणं कडेने धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, कालांतराने त्याचा हिरवट चिकट थर धातूवर बसतो.

पूर्ण संच परवडत नसेल तर चलनातली नाणी एकेक करून जमवा, मी तेच सुचवेन. ही चित्रं दशमान पद्धत येईपर्यंत चालत राहिली, त्यामुळे माल भरपूर आहे. फक्त धातू बदलले ते ध्यानात ठेवा. तीन आणि सहा पेन्स 1940 पर्यंत शुद्ध निकेलचे, ते लोहचुंबकाला चिकटतात. 1942 पासूनचे तांबे-निकेलचे, ते चिकटत नाहीत. वरच्या तिघांत चांदी 1943 पर्यंत, 1951 पासून तांबे-निकेल. 1943 सालची फ्लोरिन आणि हाफ क्राउन अत्यंत दुर्मिळ आहेत, कुणी सहज देऊ केली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. 1937 पर्यंतच्या नाण्यांवर हार्पच्या बाजूला 'सोरस्टॉट एरिन' (आयरिश फ्री स्टेट) अशी अक्षरं आहेत, 1939 पासून नुसतं 'एरे' (आयर्लंड). मला जुनी बाजू जास्त भरलेली वाटते.

झिजलेलं नाणं चालेल का, हे प्राण्यावर अवलंबून आहे. वळू आणि सॅमन मध्यम झिजले तरी रेषेवर तगून राहतात. ससा आणि कोंबडी मात्र चांगल्या अवस्थेतच घ्या, सशाचा कान गेला की नाण्यात बघण्यासारखं फारसं उरत नाही. सुरुवात शिलिंगने करा, चांदीतल्या, 1928 च्या किंवा तिशीतल्या कुठल्याही सालच्या.